खरे वेगळे, वैध वेगळे

सगळे किल्ले समुद्रात आहेत. सिंधुदुर्ग हा किल्ला आहे. म्हणून सिंधुदुर्ग समुद्रात आहे.

यातली पहिली ओळ उघडच खोटी आहे. रायगड, राजगड, तोरणा सह्याद्रीच्या माथ्यावर उभे आहेत. तिसरी ओळ खरी आहे. मालवणच्या किनाऱ्यावर गेले की सिंधुदुर्गाची तटबंदी समोर पाण्यात दिसते. मग हा युक्तिवाद चांगला म्हणायचा की वाईट? तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला हा प्रश्न टाकला की वर्गात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पहिलीच ओळ खोटी, तेव्हा सगळे मुसळ केरात. दुसरा म्हणतो, शेवट बरोबर आला ना, मग झाले. दोघेही मनापासून बोलतात, पण उत्तर देतात ते न विचारलेल्या प्रश्नाचे. कोणती ओळ खरी आणि कोणती खोटी हे त्यांनी सांगितले. विचारले होते ते वेगळेच: पहिल्या दोन ओळी मानल्या, तर तिसरी मानणे भाग आहे का? याचे उत्तर ‘हो’ असे आहे. सगळेच किल्ले समुद्रात असते आणि सिंधुदुर्ग किल्ला असता, तर तो समुद्राबाहेर असूच शकला नसता. युक्तिवाद वैध आहे.

आता एकच शब्द बदलू. काही किल्ले समुद्रात आहेत. सिंधुदुर्ग हा किल्ला आहे. म्हणून सिंधुदुर्ग समुद्रात आहे. या खेपेला तिन्ही ओळी खऱ्या आहेत, आणि तरीही युक्तिवाद वैध नाही. सिंधुदुर्गाच्या जागी रायगड घालून पाहावे. पहिल्या दोन ओळी खऱ्याच राहतात आणि तिसरी कोसळते. पहिल्या दोन ओळींमध्ये तिसरीला धरून ठेवण्याची ताकद मुळातच नव्हती. सिंधुदुर्गाबाबत ती खरी निघाली याचे श्रेय भूगोलाला आहे, तर्काला नाही.

हे पुस्तक आकारिक तर्कशास्त्राच्या प्राथमिक संज्ञांविषयी आहे, आणि त्यातली जवळपास प्रत्येक संज्ञा वरच्या एका भेदातून निघते. सत्यता हा विधानाचा गुण आहे. वैधता हा युक्तिवादाचा गुण आहे. विधान वैध किंवा अवैध नसते. युक्तिवाद खरा किंवा खोटा नसतो. आपल्या बोलण्यात आपण दोन्हींना सर्रास ‘बरोबर’ म्हणतो, आणि बोलण्यापुरते त्यात काही बिघडत नाही. पण दोन माणसे एखाद्या प्रश्नावर तावातावाने भांडत असतात, तेव्हा अनेकदा एकजण दुसऱ्याचा निष्कर्ष नाकारत असतो आणि दुसरा आपला युक्तिवाद राखत असतो. दोघांचे बोलणे एकमेकांना भेटतच नाही. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सवय लागावी, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. ही सवय आपोआप लागत नाही, आणि त्याला पुरावा आहे. १९८३ साली इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही युक्तिवाद देऊन त्यांचे निष्कर्ष आधारांतून निघतात का, एवढेच विचारले. अवैध युक्तिवादाचा निष्कर्ष पटण्याजोगा असला तर सुमारे ७० टक्के वेळा लोकांनी तो स्वीकारला. तसाच अवैध युक्तिवाद पण न पटणारा निष्कर्ष असला तर जेमतेम १० टक्के वेळा. म्हणजे युक्तिवाद तपासायला सांगितला असतानाही माणसे निष्कर्षच तपासत राहिली.

नावांची ओळख थोडक्यात करून घेऊ. जे खरे किंवा खोटे असू शकते ते विधान. ‘दार लाव’ हे विधान नाही, ‘पाऊस कधी येणार?’ हेही नाही. ‘काल पाऊस आला’ हे आहे. एका विधानाला आधार म्हणून दुसरी विधाने पुढे केली की युक्तिवाद तयार होतो. आधार म्हणून दिलेली ती आधारविधाने, आणि ज्याला आधार दिला तो निष्कर्ष. निष्कर्ष शेवटीच येतो असे नाही. ‘आज बाजार बंद असणार, कारण आज सोमवार आहे’ या वाक्यात तो आधी आला आहे, आणि ‘इथला बाजार सोमवारी बंद असतो’ हे आधारविधान तर बोलणाऱ्याने उच्चारलेही नाही. अशी न उच्चारलेली आधारविधाने शोधणे हे तर्कशास्त्राच्या अभ्यासातले सर्वांत उपयोगाचे काम आहे. बहुतेक वादांमधले खरे दुखणे तिथेच दडलेले असते.

वैधतेची व्याख्या अशी: आधारविधाने सत्य आणि निष्कर्ष असत्य, असे घडणेच जिथे अशक्य असते तो युक्तिवाद वैध. या व्याख्येत आधारविधाने सत्य आहेत असे कुठेही म्हटलेले नाही. ती सत्य असती तर काय झाले असते, एवढेच म्हटले आहे. युक्तिवाद वैधही आहे आणि त्याची आधारविधानेही सत्य आहेत, असे दोन्ही जमले तर त्याला या पुस्तकात ठोस युक्तिवाद म्हटले आहे. ठोस युक्तिवादाचा निष्कर्ष सत्यच असतो. महाराष्ट्राच्या अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रात ‘वैध’साठी ‘युक्त’ असाही शब्द आहे. तो ज्यांना सरावाचा असेल त्यांनी तसे वाचावे.

पण अशक्य आहे हे ठरवायचे कसे? इथे ‘आकार’ ही कल्पना येते, आणि या शास्त्राचे नावच तिच्यावरून पडले आहे. ॲरिस्टॉटलने (ख्रिस्तपूर्व ३८४–३२२) पदांच्या जागी अक्षरे ठेवून युक्तिवाद मांडले. सगळे क हे ख आहेत. ग हा क आहे. म्हणून ग हा ख आहे. किल्ला, समुद्र, सिंधुदुर्ग सगळे गेले आणि सांगाडा उरला. या अक्षरांच्या जागी काहीही भरा, आधार खरे आणि निष्कर्ष खोटा असे कधीच निघणार नाही. ‘सगळे’ काढून ‘काही’ ठेवले की लगेच तसे निघते. रायगड हे त्याचे उदाहरण. अशा उदाहरणाला प्रतिउदाहरण म्हणतात. अवैधता दाखवायला एक प्रतिउदाहरण पुरते. वैधता दाखवायला मात्र हजार अनुकूल उदाहरणे दिली तरी पुरत नाहीत, कारण हजार-एकावे उलटे निघणार नाही याची हमी त्यांच्यातून मिळत नाही. ही हमी कुठून मिळते, हाच पुढच्या सगळ्या खटाटोपाचा विषय आहे.

ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र पदांचे होते. ग्रीसमध्येच स्टोइक पंथाच्या विचारवंतांनी, विशेषतः ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या क्रिसिपसने, अख्खे विधान हेच एकक धरले आणि विधाने जोडणाऱ्या शब्दांकडे लक्ष दिले. आणि, किंवा, जर-तर, नाही. हे चार शब्द फार छोटे आहेत, पण विधान-तर्कशास्त्र म्हणजे या चार शब्दांचा काटेकोर अभ्यास, असे म्हटले तरी चालेल.

यातल्या ‘आणि’बद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, दोन्ही घटक सत्य तर ‘आणि’ने जोडलेले विधान, म्हणजे संधी, सत्य, नाहीतर असत्य. ‘किंवा’ला थोडे थांबावे लागते. एसटीत ‘ज्येष्ठ नागरिक किंवा दिव्यांग व्यक्तींसाठी’ अशी पाटी असलेल्या आसनावर सत्तरीची दिव्यांग बाई बसली, तर कंडक्टर तिला उठवत नाही. दोन्ही घटक सत्य असले तरी ‘किंवा’ने जोडलेले विधान, म्हणजे विकल्प, सत्यच राहतो, असा हा अर्थ. तर्कशास्त्रात ‘किंवा’ नेहमी याच अर्थाने घेतात. ‘चहा घेणार की कॉफी?’ मधली निवड वेगळी. तिथे दोन्ही एकदम अपेक्षित नसते. तसा अर्थ हवा असेल तर तर्कशास्त्रात तो वेगळा लिहून दाखवावा लागतो.

खरा अवघड शब्द ‘जर-तर’ आहे, आणि विद्यार्थी अडतात तेही इथेच. ‘जर क, तर ख’ या विधानात क हे पूर्वांग आणि ख हे उत्तरांग. हे विधान केव्हा असत्य होते? पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य असेल तेव्हा, आणि फक्त तेव्हाच. उरलेल्या तिन्ही परिस्थितींत ते सत्य. पूर्वांग असत्य असताना अख्खे विधान सत्य कसे, हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. त्यासाठी नियमाचा विचार करून पाहावा. दुचाकी चालवत असाल तर हेल्मेट हवे. पायी चाललेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट असो वा नसो, त्याने हा नियम मोडलेला नाही. नियम मोडतो तो एकजणच, दुचाकीवरचा बोडक्या डोक्याचा. ‘जर-तर’चे सत्यता कोष्टक, म्हणजे घटकांच्या सत्य-असत्यतेच्या चारही परिस्थिती ओळीने मांडणारा तक्ता, याहून निराळे काहीही सांगत नाही. बोलीभाषेतल्या ‘जर-तर’मध्ये याशिवाय कार्यकारणाची छटा असते, धमकी असते, आशा असते, आणि त्या छटा या कोष्टकात मावत नाहीत हे खरेच आहे. कोष्टकात जो भाग आहे तो सर्व ‘जर-तर’ विधानांना समान असलेला किमान भाग आहे. युक्तिवादाची वैधता बहुतेक वेळा तेवढ्यावरच उभी असते.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेले एक कोडे इथे सोडवून पाहण्याजोगे आहे. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. वर दिसतात ते अ, क, ४ आणि ७. नियम असा सांगितला आहे: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला आहे की नाही हे ठरवायला कमीत कमी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७ आहे. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. वेसनच्या प्रयोगांत दहातला एकही धड हे उत्तर देऊ शकला नाही. मात्र हीच रचना ओळखीच्या सामाजिक नियमाच्या रूपात दिली, वयाची अट आणि मद्यपान असा विषय घेतला, तर बहुसंख्य लोकांना बरोबर उत्तर येते, असे ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ साली दाखवले. हेल्मेटचा नियम तपासणारा पोलीसही दुचाकीवाल्याचे डोके पाहील आणि बोडक्या माणसाचे वाहन. हेल्मेट घातलेल्याला तो अडवणार नाही. म्हणजे तर्क करण्याची क्षमता माणसात आहे. ती विषयाला चिकटलेली असते, आणि विषय बदलला की गळून पडते. आकार ओळखायला शिकणे म्हणजे तीच क्षमता एका विषयातून सोडवून सगळ्या विषयांना मोकळी करणे, असे मला वाटते.

‘जर-तर’बरोबर दोन वैध आकार येतात. पूर्वांग सत्य आहे म्हणून उत्तरांग सत्य. आणि उत्तरांग असत्य आहे म्हणून पूर्वांग असत्य. लॅटिन नावांनी त्यांना मोडस पोनेन्स आणि मोडस टोलेन्स म्हणतात. यांच्याच शेजारी दोन भोंदू आकार उभे असतात आणि ते दिसायला हुबेहूब तसेच असतात. त्यातला एक फार माजलेला आहे: डेंग्यू असेल तर ताप येतो, ताप आला आहे, म्हणून डेंग्यू आहे. ताप इतर शेकडो कारणांनी येतो, म्हणून चांगला डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतो. इतके उघड उदाहरण असले की दोष लगेच दिसतो. पण हाच आकार विज्ञानाच्या इतिहासात मोठमोठ्यांच्या हातून गेला आहे, आणि एका प्रकरणात तो इतका स्वच्छ दिसतो की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

युरेनस हा ग्रह गणिताने दिलेल्या मार्गापासून ढळतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्ट झाले होते. फ्रान्सच्या ले व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने मांडले की पलीकडे आणखी एक ग्रह असेल तर युरेनस असाच ढळेल. युरेनस तसाच ढळत होता. त्यावरून त्याने त्या अज्ञात ग्रहाचे आकाशातले ठिकाण काढले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ गाले याने दुर्बीण रोखली तेव्हा नेपच्यून तिथे जवळच सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही ले व्हेरिएला तफावत दिसली. १८५९ साली त्याने त्याच वाटेने तर्क केला: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये एखादा ग्रह असेल तर बुध असा ढळेल, बुध ढळतो आहे. त्या ग्रहाला व्हल्कन असे नावही मिळाले. तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने बुधाची तफावत कोणत्याही नव्या ग्रहावाचून स्पष्ट केली. माणूस तोच, आकार तोच. एकदा निष्कर्ष खरा, एकदा खोटा. ले व्हेरिएचा तर्क टाकाऊ होता असे यातून मुळीच निघत नाही. शोध कुठे घ्यायचा हे सांगणारा तो उत्तम अंदाज होता. नेपच्यून सिद्ध झाला तो मात्र दुर्बिणीमुळे. निगामी तर्कशास्त्र, म्हणजे या पुस्तकाचा विषय, आणि अनुभवावरून अंदाज बांधणारे विगामी तर्कशास्त्र यांच्यातली सीमारेषा इथून जाते, आणि दुसऱ्याला पहिल्याचे वजन देऊ नये एवढीच अपेक्षा असते.

चिन्हांविषयी आता बोलायला हवे, कारण पुस्तक चाळताना अनेक वाचक चिन्हे पाहून ते मिटून ठेवतात. पण चिन्हे लागतात ती बोलीतली संदिग्धता टाळण्यासाठी. ‘सगळे आले नाहीत’ या साध्या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात: एकही आला नाही, किंवा काहीजण आले आणि काही नाही. बोलताना सुरावरून आणि प्रसंगावरून आपण अर्थ लावतो. कागदावरच्या युक्तिवादाला सूर नसतो. ‘सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ या विधानाचा निषेध ‘सगळे अनुत्तीर्ण झाले’ असा होत नाही. ‘निदान एक अनुत्तीर्ण झाला’ असा होतो. तसेच ‘तो शिकलेला आणि प्रामाणिक आहे’ याचा निषेध ‘तो शिकलेला नाही किंवा प्रामाणिक नाही’ असा होतो. ‘आणि’चा ‘किंवा’ होतो. हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला. दिल्लीच्या मास्टर रामचंद्र यांचा गणितग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध व्हावा म्हणून त्याने पुढाकार घेतला होता. डी मॉर्गनचे ‘फॉर्मल लॉजिक’ आणि जॉर्ज बूलचे तर्काला बीजगणिताचे रूप देणारे पहिले पुस्तक, दोन्ही १८४७ सालची. बूलनंतर तर्क करणे हे अक्षरांवर क्रिया करण्यासारखे झाले, आणि चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येऊ लागले.

तरीही एक मोठी अडचण उरली होती. प्रत्येक गावाला एक ग्रामदैवत आहे. एक ग्रामदैवत असे आहे की जे प्रत्येक गावाचे आहे. दोन्ही वाक्यांत ‘प्रत्येक’ आहे आणि ‘एक’ आहे, पण पहिल्यावरून दुसरे निघत नाही. दुसऱ्यावरून पहिले निघते. फरक फक्त क्रमाचा आहे. दोन हजार वर्षे चालत आलेल्या संविधानांच्या पद्धतीला, म्हणजे दोन आधारविधाने आणि तीन पदे असलेल्या ॲरिस्टॉटलच्या अनुमानांना, हा फरक पेलत नव्हता. डी मॉर्गननेच दाखवून दिले होते की ‘सगळे घोडे प्राणी आहेत, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे’ हे शेंबड्या पोरालाही कळणारे अनुमान त्या पद्धतीत बसत नाही. १८७९ साली जर्मनीतल्या येना विद्यापीठातल्या गॉटलोब फ्रेगेने संख्यापकांची कल्पना मांडली आणि हा प्रश्न सुटला. ‘प्रत्येक’ आणि ‘निदान एक’ या दोन संख्यापकांना कोणाच्या आत कोण, असा क्रम मिळाला. माझ्या मते ॲरिस्टॉटलनंतर या शास्त्रात घडलेली सर्वांत मोठी गोष्ट ती हीच, आणि म्हणून या पुस्तकातली सर्वांत जास्त पाने संख्यापकांना दिली आहेत.

मराठी वाचकाच्या मनात इथे भारतीय तर्कपरंपरेचा, म्हणजे न्यायदर्शनाचा, प्रश्न येणारच. आपल्याकडे हे आधीच होते का? सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’वर पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत विद्यार्थ्यांचे शिक्षण झाले. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची विस्तृत प्रस्तावना व भाषांतर असलेली त्याची मुंबई संस्कृत मालेतली १८९७ ची आवृत्ती आजही अभ्यासक उघडतात. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ हाही मुंबई-पुण्याच्याच विद्वत्तेचा ठेवा. न्यायातले अनुमान पाच अवयवांचे असते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. धूर आणि अग्नी यांच्यातला अटळ संबंध म्हणजे व्याप्ती, आणि तिची व्याख्या निर्दोष करण्यासाठी चौदाव्या शतकातल्या मिथिलेच्या गंगेशापासून पुढच्या नव्यनैयायिकांनी जी सूक्ष्म भाषा घडवली, ती पाहून आजचा तर्कशास्त्रज्ञही थक्क होतो.

पण न्यायाचा प्रश्न वेगळा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तर्कसंग्रहात एका दोषाचे उदाहरण आकाशकमळाचे आहे. आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, तळ्यातल्या कमळासारखे. नैयायिक याला हेत्वाभास म्हणतो, कारण ज्याच्याविषयी अनुमान केले ते आकाशकमळ अस्तित्वातच नाही. आश्रयच असिद्ध आहे. आकारिक तर्कशास्त्र मात्र म्हणते की सगळी कमळे सुगंधी असतील आणि आकाशकमळ हे कमळ असेल, तर ते सुगंधी असलेच पाहिजे. दोष आधारविधानात आहे, आकारात नाही. दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. नैयायिकाला अनुमानातून प्रमा हवी आहे, म्हणजे यथार्थ ज्ञान, आणि म्हणून तो सत्यता आणि वैधता एकत्रच तपासतो. आकारिक तर्कशास्त्र मुद्दाम त्यांची ताटातूट करते. त्या ताटातुटीमुळेच खोट्या गृहीतकांचे परिणाम तपासता येतात, दोन समांतर रेषा एकमेकींना मिळतात असे धरून वेगळी भूमिती उभी करता येते, आणि विरोधकाचे म्हणणे घटकाभर मानून ते कुठे जाते हे त्यालाच दाखवता येते. न्यायात सगळे आधुनिक तर्कशास्त्र होते असे म्हणणाऱ्याने न्याय वाचलेला नसतो, आणि भारतात तर्कशास्त्र नव्हते असे म्हणणाऱ्यानेही.

उरला प्रश्न यंत्राचा, म्हणजे वैधता यांत्रिक रीतीने तपासता येते का याचा. विधान-तर्कशास्त्रात वैधता तपासण्याची हमखास रीत आहे: सत्यता कोष्टक. ते आजच्या रूपात १९२१ साली विटगेनस्टाइन आणि एमिल पोस्ट यांच्या लिखाणातून प्रचलित झाले. तीन घटक विधाने असतील तर ८ ओळी, दहा असतील तर १,०२४, वीस असतील तर १०,४८,५७६. ज्या विधानाकाराच्या सगळ्या ओळींत ‘सत्य’ येते तो सर्वतः सत्य, सगळ्यांत ‘असत्य’ येते तो सर्वतः असत्य. रीत कंटाळवाणी आहे, पण तिला बुद्धी लागत नाही, आणि हेच तिचे मोल आहे. १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने आपल्या एमआयटीतल्या प्रबंधात दाखवले की विजेची बटणे एकापुढे एक जोडली तर ‘आणि’ मिळते, समांतर जोडली तर ‘किंवा’. आजचे प्रत्येक संगणकी मंडल त्या कल्पनेवर चालते. आपल्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिला पाठ गणितीय तर्कशास्त्राचाच आहे, आणि त्यात ही बटणांची मंडले आहेत. कला शाखेतला विद्यार्थी तीच कोष्टके तर्कशास्त्र या विषयात मांडतो. आपण दोघे एकच विषय शिकतो आहोत हे त्यांना कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

संख्यापक आले की मात्र कोष्टक पुरत नाही. क्यूर्ट गडेलने १९३० साली प्रसिद्ध केले की संख्यापकांच्या या तर्कशास्त्रात, म्हणजे विधेय-तर्कशास्त्रात, जो जो युक्तिवाद वैध आहे त्याची सिद्धता नियमांनी देता येते. १९३६ साली ॲलन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी स्वतंत्रपणे दाखवले की दिलेला युक्तिवाद वैध आहे की नाही हे नेहमी ठरवून देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. म्हणजे युक्तिवाद वैध असेल तर त्याची सिद्धता शोधत गेल्यास कधीतरी सापडते, पण तो वैध नसेल तर शोध कधी थांबवावा याचे वचन नाही. गडेलच्या १९३१ च्या अपूर्णतेच्या प्रमेयाचे नाव हल्ली कुठल्याही गूढ विधानाला टेकू म्हणून लावले जाते. ते प्रमेय अंकगणित सामावणाऱ्या आकारिक व्यवस्थांविषयी आहे. माणसाच्या बुद्धीच्या मर्यादांविषयी किंवा अध्यात्माविषयी ते काहीही म्हणत नाही. या पुस्तकात ते सिद्ध केलेले नाही. त्यासाठी लागणारी तयारी मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत होईल.

मराठीत तत्त्वज्ञान काटेकोरपणे लिहिता येते, हे मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे यांनी आपल्या लेखनातून दाखवून ठेवले आहे. त्यांच्या वाक्यांत आधार कोणता आणि निष्कर्ष कोणता हे शोधावे लागत नाही. त्या परंपरेला साजेल असे लिहिण्याचा इथे प्रयत्न आहे. तर्कशास्त्र शिकल्याने माणूस शहाणा होईल असा दावा मी करणार नाही. आधारविधाने खरी आहेत का हे तर्कशास्त्र सांगत नाही. त्यासाठी मालवणला जावे लागते, रक्त तपासावे लागते, दुर्बीण रोखावी लागते. पण समोरच्याच्या बोलण्यातला नेमका कोणता भाग आपल्याला नामंजूर आहे, त्याचे एखादे आधारविधान की त्याची निष्कर्षापर्यंतची उडी, हे सांगता येणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. सार्वजनिक जीवनात तिची आज नितांत गरज आहे.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक झोपाळ्यावर बसून वाचण्याचे नाही. वही आणि पेन्सिल जवळ ठेवावी. व्याख्या पाठ करू नयेत. प्रत्येक व्याख्येला एक बसणारे आणि एक न बसणारे उदाहरण स्वतः तयार करावे, आणि ती उदाहरणे पुस्तकातली नसावीत. ‘जर-तर’च्या कोष्टकाच्या चारही ओळी स्वतःच्या हाताने मांडून, पटवून घेऊन मगच दुसऱ्या प्रकरणाकडे वळावे.